१९६६ चा ‘बीनो’ अल्बम पुन्हा कसा ऐकावा

जॉन मेयॉल या ब्रिटिश गायक-वादकाच्या ‘ब्लूज ब्रेकर्स विथ एरिक क्लॅप्टन’ या अल्बमच्या मुखपृष्ठावर चार तरुण एका मळक्या, खरडलेल्या भिंतीपुढे बसलेले दिसतात आणि त्यांपैकी एक जण छायाचित्रकाराकडे ढुंकूनही न पाहता ‘बीनो’ हे मुलांचे चित्रसाप्ताहिक वाचण्यात गढलेला आहे. तो गिटारवादक एरिक क्लॅप्टन; वय वर्षे २१. त्याच्या हातातल्या ७ मे १९६६ च्या अंकावरून या अल्बमला ‘बीनो अल्बम’ हे टोपणनाव पडले ते कायमचे. २२ जुलै १९६६ रोजी डेक्का कंपनीने तो बाजारात आणला आणि ब्रिटनच्या विक्री-यादीत तो सहाव्या क्रमांकापर्यंत चढला. पुढच्या काळात त्यातल्या गिटारविषयी इतके लिहिले आणि बोलले गेले की, आज पुष्कळांना हा अल्बम माहीत असतो पण त्यांनी तो ऐकलेला नसतो, किंवा ऐकलेला असलाच तर गिटारच्या चार-दोन तुकड्यांपुरता ऐकलेला असतो.

माझे मत असे आहे की, हा एका वादकाचा अल्बम म्हणून ऐकला तर त्यातला निम्मा ऐवज हाती लागत नाही. एका खोलीत बसून एकत्र वाजवणाऱ्या बँडचा हा अल्बम आहे, आणि त्या बँडचा म्होरक्या क्लॅप्टन नसून त्या वेळी ३२ वर्षांचा असलेला, गाणारा, पियानो, हॅमंड ऑर्गन आणि हार्मोनिका वाजवणारा मेयॉल आहे. हा अल्बम पूर्वी कधीतरी ऐकून बाजूला ठेवलेल्यांनी तो पुन्हा कसा हाती घ्यावा, यासाठी पुढील सूचना आहेत. त्यांना दोन-तीन संध्याकाळी पुरतील.

आवृत्ती निवडताना

प्रथम आपल्यासमोर कोणती आवृत्ती आहे ते पाहावे. १९६६ मध्ये लोकांनी विकत घेतलेली तबकडी मोनो होती. स्टिरिओ आवृत्ती नंतर आली. आज सीडीवर किंवा इंटरनेटवरच्या संगीतसेवांवर जी विस्तारित रूपे मिळतात, त्यांपैकी काहींत मूळ १२ गाणी आधी मोनोत आणि त्यापाठोपाठ तीच पुन्हा स्टिरिओत दिलेली असतात, शिवाय रेडिओसाठी केलेली ध्वनिमुद्रणे आणि सुट्या तबकड्यांवरची गाणीही जोडलेली असतात. अनोळखी माणूस अशा यादीत हरवून जातो आणि हीच गाणी पुन्हा का वाजत आहेत, हे त्याला कळत नाही. म्हणून यादीतली पहिली १२ गाणी मोनोत आहेत याची खात्री करून घ्यावी आणि बाकीच्यांकडे तूर्त पाहूही नये.

मोनोचा आग्रह केवळ जुन्याच्या हौसेपोटी नाही. स्टिरिओत वाद्ये डावी-उजवीकडे पांगतात आणि प्रत्येकाचा आवाज वेगळा काढून दाखवल्यासारखा वाटतो. मोनोत मात्र ड्रम, बेस, ऑर्गन आणि गिटार एकाच जागेतून, एकमेकांना रेटत बाहेर पडतात, त्यामुळे गिटार जेव्हा या दाटीतून डोके वर काढते, तेव्हा तिने त्यासाठी केलेली धडपडही ऐकू येते. हेडफोनवर मोनो ध्वनी डोक्याच्या मध्यभागी अडकल्यासारखा वाटतो, म्हणून शक्य असल्यास साध्या स्पीकरवर, तो एकच असला तरी चालेल, शेजाऱ्यांची जेवढी सहनशक्ती असेल तेवढ्या मोठ्या आवाजात हा अल्बम लावावा.

पहिली बैठक

पहिल्या दिवशी काहीही न वाचता, गाण्यांचा क्रम न बदलता, संपूर्ण अल्बम एका बैठकीत ऐकावा. तो जेमतेम ३७ मिनिटांचा आहे. तबकडीच्या दोन बाजूंवर सहा-सहा गाणी होती, तेव्हा सहाव्या गाण्यानंतर मिनिटभर थांबावे, उठून पाणी प्यावे आणि मगच सातवे गाणे लावावे. हा सोपस्कार वाटेल, पण पहिली बाजू ‘व्हॉट्ड आय से’च्या गोंगाटात संपते आणि दुसरी बाजू ‘की टू लव्ह’मधल्या सॅक्सोफोन-ट्रम्पेटच्या धडाक्याने उघडते, मध्ये श्वास घेतला नाही तर या उघडण्यातली सारी गंमत निघून जाते.

हे मी अनुभवाने सांगतो. माझ्याकडे हा अल्बम पहिल्यांदा आला तो एका मित्राने भरून दिलेल्या ६० मिनिटांच्या कॅसेटवर. एका बाजूला ३० मिनिटे मावतात, त्यामुळे ‘हॅव यू हर्ड’ कसेबसे पूर्ण होई आणि फीत संपे. कॅसेटच्या मागच्या बाजूला भलतेच काही होते. शेवटची तीन गाणी अस्तित्वात आहेत हे मला कित्येक वर्षे ठाऊक नव्हते, आणि ‘हॅव यू हर्ड’च्या टिपेच्या स्वरांवरच अल्बम संपतो अशी माझी समजूत होती. प्रत्यक्षात मेयॉल आणि निर्माता माइक व्हर्नन यांनी त्या गाण्यानंतर सगळा बँड बाजूला सारून फक्त एक गिटार, एक पियानो आणि क्लॅप्टनचा बुजरा आवाज ठेवला आहे. टिपेनंतरची ही शांतता ऐकल्याशिवाय अल्बमची मांडणी कळत नाही.

आवर्तन मोजण्याची सवय

दुसऱ्या बैठकीपूर्वी एक छोटा अभ्यास करावा. ब्लूज ही अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांनी घडवलेली गानशैली; तिच्यातली बहुसंख्य गाणी १२ खंडांच्या आवर्तनात बांधलेली असतात आणि प्रत्येक खंड चार मात्रांचा असतो, म्हणजे एका आवर्तनात ४८ मात्रा होतात. आपल्या परिभाषेत सांगायचे तर पहिले चार खंड षड्जाच्या घरात, पुढचे दोन मध्यमावर, पुन्हा दोन षड्जावर, नववा पंचमावर, दहावा मध्यमावर आणि उरलेले दोन परत घरी. येथे षड्ज, मध्यम, पंचम म्हणजे एकेक सुटा स्वर नव्हे, तर त्या त्या स्वरावर उभारलेला स्वरसमूह, ज्याला पाश्चात्त्य संगीतात कॉर्ड म्हणतात. शब्दांची रचनाही याच आवर्तनात बसवलेली असते: एक ओळ, तीच ओळ पुन्हा आणि मग त्यांना उत्तर देणारी तिसरी ओळ. प्रत्येक ओळ चार खंडांची असली तरी शब्द त्यातल्या पहिल्या दोन-अडीच खंडांतच संपतात, आणि उरलेल्या मोकळ्या जागेत गिटार किंवा हार्मोनिका गायकाला उत्तर देते.

मोजण्यासाठी दुसरे गाणे, ‘हाइडअवे’, सर्वांत सोयीचे आहे, कारण ते निव्वळ वाद्यांचे आहे आणि शब्द लक्ष विचलित करत नाहीत. बोटांवर १२ खंड मोजत जावे. प्रत्येक आवर्तनात क्लॅप्टन नवी कल्पना मांडतो, मध्येच बँड थांबतो आणि तो एकटाच वाजवतो, पण १२ व्या खंडानंतर सगळे जण न चुकता पुन्हा पहिल्या मात्रेवर भेटतात. तबल्याच्या ठेक्यावर समेची वाट पाहण्याची ज्याला सवय आहे, त्याला हा आनंद समजावून सांगावा लागत नाही. मग पाचव्या गाण्याकडे, ‘डबल क्रॉसिन टाइम’कडे, यावे. तिथे तेच आवर्तन इतके संथ होते की प्रत्येक मात्रेच्या पोटात तीन-तीन ठोके स्पष्ट मोजता येतात, आणि त्या ऐसपैस जागेत मेयॉलचा पियानो व क्लॅप्टनची गिटार एकमेकांना आळीपाळीने टोकतात. हे गाणे दोघांनी मिळून रचले आहे. काही काळ बँडमध्ये बेस वाजवून मॅनफ्रेड मॅनच्या बँडमध्ये निघून गेलेल्या जॅक ब्रूसवरचा राग त्याच्या शीर्षकात आहे. पुढे वर्ष उलटण्याच्या आत क्लॅप्टन त्याच ब्रूसबरोबर ‘क्रीम’ हा बँड काढणार होता, हे लक्षात ठेवून ते शब्द ऐकले तर हसू येते.

एकेका वाद्याचा पाठलाग

दुसऱ्या बैठकीत गिटारकडे हेतुपुरस्सर दुर्लक्ष करावे. हे ऐकायला विचित्र वाटेल आणि करायला कठीणही जाईल, पण या अल्बमच्या बाबतीत दुसरा उपाय नाही.

जॉन मॅकव्हीच्या बेसपासून आरंभ करावा. तो कोठेही करामत दाखवत नाही. स्वरांची एक चालती रांग तो पायांखाली अंथरत राहतो आणि आवर्तन मध्यमाकडे किंवा पंचमाकडे वळण्याच्या किंचित आधी आपल्याला त्या वळणाची चाहूल देतो. ‘ऑल युवर लव्ह’मध्ये त्याच्याकडे लक्ष ठेवले, तर गाण्याची सारी घडण उलगडते: आरंभी लॅटिन वळणाचा डौलदार ठेका आहे, मध्येच तो मोडतो आणि ब्लूजच्या झुलत्या, घरंगळत्या चालीत शिरतो, आणि नंतर काही घडलेच नाही अशा थाटात मूळ ठेका परत येतो. हे वळण गिटारमुळे लक्षात राहते, पण ते घडवतात बेस आणि ड्रम.

ह्यूई फ्लिंटच्या ड्रमविषयी मात्र मला थोडे दोन्ही बाजूंनी बोलावे लागेल. जॅझकडे झुकलेला त्याचा हलका हात संथ गाण्यांत फार शोभतो, कारण इतकी दणदणीत गिटार शेजारी असूनही तो तिच्याशी चढाओढ करत नाही. ‘व्हॉट्ड आय से’मधला त्याचा दीर्घ एकलवादनाचा तुकडा मात्र अल्बममधली सर्वांत कमकुवत जागा आहे. रे चार्ल्सचे १९५९ चे हे गाणे त्या काळात क्लबांमध्ये रात्रीच्या अखेरीस लोकांना नाचवण्यासाठी वाजवले जाई. बंद स्टुडिओत, समोर श्रोते नसताना, त्याचा जोश उसना वाटतो. तरी ते गाळू नये. ड्रमचा तुकडा संपताच क्लॅप्टन अचानक बीटल्सच्या ‘डे ट्रिपर’ची प्रसिद्ध गत वाजवतो. ते गाणे डिसेंबर १९६५ मध्ये निघालेले, म्हणजे तेव्हा अगदी ताजे होते. शुद्ध ब्लूजचा कैवार घेऊन ‘यार्डबर्ड्स’ हा आपला आधीचा बँड सोडणाऱ्या माणसाने पॉपमधल्या ताज्या गाण्याची अशी खोडी काढावी, यातून त्या दिवशीच्या खोलीतले वातावरण कळते. आणखी एक योगायोग असा की, वेस्ट हॅम्पस्टेडमधल्या ज्या डेक्का स्टुडिओत हे वाजवले गेले, तिथेच १ जानेवारी १९६२ रोजी बीटल्सची चाचणी झाली होती आणि त्यांना नकार मिळाला होता.

नंतर मेयॉलकडे वळावे. त्याचा आवाज उंच, काहीसा पातळ आणि नाकातला आहे, आणि अनेकांना तो रुचत नाही. शिकागोच्या ब्लूज गायकांच्या छातीतून येणारे वजन त्याच्यात नाही, हे मान्य करूनच पुढे जावे लागते. पण मेयॉल त्या गायकांची नक्कल करत नाही. मॅकल्सफील्डसारख्या इंग्लंडच्या उत्तरेकडील गावात जन्मलेल्या, मँचेस्टरला चित्रकला शिकलेल्या आणि मग पोटासाठी जाहिरात-आरेखन करणाऱ्या माणसाचा जो आवाज असेल, तोच तो लावतो. त्याची खरी ताकद हार्मोनिकात आहे. ‘अनदर मॅन’ हे पावणेदोन मिनिटांचे गाणे त्याने जवळजवळ एकट्याने, गळा आणि हार्मोनिका यांच्या बळावर पेलले आहे, आणि ‘पार्चमन फार्म’मध्येही आघाडीवर हार्मोनिकाच आहे. मोझ ॲलिसनच्या या गाण्यातले पार्चमन हे मिसिसिपी राज्यातले कुख्यात कारागृह. गिटारसाठी अल्बम ऐकणारे ही दोन गाणी पुढे ढकलतात. दुसऱ्या बैठकीत ती दोनदा ऐकावीत, म्हणजे मेयॉल श्वास कोठे घेतो आणि हार्मोनिकाच्या स्वराला वाकवून, घासून त्याचा शब्द कसा करतो हे दिसू लागते.

सॅक्सोफोन आणि ट्रम्पेट ही वाद्ये काही गाण्यांपुरतीच आहेत. टेनर सॅक्सोफोनवर ॲलन स्किडमोर आणि बॅरिटोनवर जॉनी आमंड आहेत. ‘की टू लव्ह’ आणि ‘स्टेपिन आउट’ यांत ती वाद्ये गिटारच्या मागे भिंतीसारखी उभी राहतात, पण त्यांचे सर्वांत मोठे काम ‘हॅव यू हर्ड’मध्ये आहे आणि त्याबद्दल पुढे सविस्तर लिहिले आहे.

गिटारचा आवाज समजून घेताना

आता गिटारकडे यावे. क्लॅप्टनकडे १९६० च्या सुमाराची, गिब्सन कंपनीची लेस पॉल गिटार होती आणि ती त्याने मार्शल कंपनीच्या, १२ इंची दोन स्पीकर असलेल्या, व्हॉल्व्हच्या म्हणजे जुन्या रेडिओत असत तशा काचेच्या नळ्यांच्या ॲम्प्लिफायरला जोडली होती. या जोडीचे महत्त्व कळण्यासाठी थोडा तांत्रिक तपशील आवश्यक आहे. तारांचा कंप विजेच्या संकेतात बदलणारे, लेस पॉलच्या तारांखाली बसवलेले हंबकर पिकअप दोन वेटोळ्यांचे असतात. दोन वेटोळी विजेची घरघर एकमेकांत जिरवतात आणि पुढे जाणारा संकेतही जोरकस असतो. हा संकेत व्हॉल्व्हच्या ॲम्प्लिफायरमध्ये गेला आणि त्याचा आवाज जवळजवळ शेवटापर्यंत वाढवलेला असला, तर व्हॉल्व्ह आपल्या क्षमतेच्या कडेला येऊन ध्वनिलहरींची टोके दाबू लागतात. त्यातून आवाजाला खरखरीत जाडी येते आणि स्वर एकदा छेडल्यावर लगेच विझत नाही, तर सतारीवरच्या मींडेइतका किंवा गळ्यातून काढल्याइतका लांब टिकतो. तार ताणून स्वर वर चढवायचा आणि तिथे कंप देत थांबायचे, ही क्लॅप्टनची खासियत या टिकण्याशिवाय शक्यच नव्हती.

अडचण अशी होती की, हा परिणाम ॲम्प्लिफायर अतिशय मोठ्याने वाजवल्याशिवाय मिळत नाही आणि तेव्हाच्या ब्रिटिश स्टुडिओंत वादकांनी आवाज कमी ठेवावा, मायक्रोफोन जवळ ठेवून बाकीचे ध्वनिमुद्रकाने पाहावे, अशी रीत होती. क्लॅप्टनने क्लबमध्ये वाजवतो तसेच वाजवणार असा हट्ट धरला. ध्वनिमुद्रक गस डजन या गोंगाटाने चक्रावून गेला, पण व्हर्ननने क्लॅप्टनला पाठिंबा दिला. त्यामुळे गिटारचा आवाज खोलीभर पसरून इतर वाद्यांच्या मायक्रोफोनमध्येही शिरला. मोनोत ऐकताना जी दाटी जाणवते, तिचे हे एक कारण आहे. पुढे स्टुडिओतल्या सगळ्याच वादकांना हे स्वातंत्र्य मिळाल्यामुळे आज आपल्याला त्यात नवल वाटत नाही. नवल वाटावे म्हणून एक प्रयोग करावा: १९६५-६६ मधले कोणतेही नेहमीचे ब्रिटिश पॉप गाणे आधी लावावे आणि त्यानंतर लगेच ‘ऑल युवर लव्ह’चे पहिले मिनिट ऐकावे.

ती गिटार १९६६ च्या उन्हाळ्यातच, ‘क्रीम’च्या तालमींच्या काळात, चोरीला गेली आणि त्याला परत मिळाली नाही. गिब्सनने लेस पॉलची ही जुनी घडण १९६१ च्या सुमारास बंद केलेली होती. अशा वादकांमुळे जुन्या गिटारींची मागणी वाढली आणि कंपनीने १९६८ मध्ये ती पुन्हा बनवायला घेतली. मार्शलच्या त्या ॲम्प्लिफायरला तर लोक ‘ब्लूजब्रेकर’ म्हणूनच ओळखू लागले.

‘हॅव यू हर्ड’साठी राखून ठेवलेली संध्याकाळ

अल्बममधले सर्वांत लांब, सुमारे सहा मिनिटांचे हे गाणे मेयॉलने रचलेले आहे आणि त्यासाठी एक स्वतंत्र बैठक ठेवावी, असे मी आवर्जून सुचवेन. ते गिटारने सुरू होत नाही. आरंभ स्किडमोरच्या टेनर सॅक्सोफोनने होतो, तोही घाई न करता, रात्री उशिरा रिकाम्या होत चाललेल्या क्लबमधून आल्यासारखा. त्यानंतर मेयॉल गाऊ लागतो. प्रेयसीच्या वागण्याची कुजबुज ऐकू आलेल्या माणसाची ही तक्रार आहे, आणि येथे त्याचा तो पातळ आवाज कधी नव्हे इतका योग्य वाटतो, कारण भारदस्त आवाजाच्या माणसाला अशी अगतिकता शोभली नसती. ऑर्गन मागे मंद तेवत राहतो. गिटार या वेळात ओळींच्या मधल्या जागांत एखाद-दुसरे वाक्य टाकते आणि गप्प बसते.

हे गप्प बसणे मोजावे. पुढे क्लॅप्टनची पाळी येते, तेव्हा तो पहिल्याच स्वरापासून टिपेवर चढतो. ख्यालात ज्याची अपेक्षा असते ती हळूहळू चढत जाणारी बढत येथे नाही. आपल्या कानाला हे प्रथम उतावीळ वाटते, मलाही वाटले होते. पण आधीच्या तीन-साडेतीन मिनिटांची बढत सॅक्सोफोनने आणि गळ्याने केलेली आहे, असे धरून ऐकले की उतावीळपणा उरत नाही; गाणाऱ्याने जे आवरून धरले होते तेच गिटार फोडून बोलते. एका तारेवर स्वर ताणून तो इतका वेळ रोखून धरतो की आवर्तनाचा खंड खालून सरकून जातो, आणि मग स्वरांचा लोंढा सोडून तो पुन्हा ठरल्या जागी पोहोचतो. फ्लिंटने याच वेळी झांजांवरचा जोर किती वाढवला आहे आणि मॅकव्हीने किती कमी जागा सोडली आहे, हे दुसऱ्यांदा ऐकताना पाहावे. गिटारचा तुकडा संपल्यावर मेयॉल परततो तो जवळजवळ ओरडतच, कारण त्या उंचीवरून पूर्वीच्या स्वरात बोलणे त्याला आता शक्य नसते.

या गाण्यानंतर अल्बम तसाच पुढे चालू द्यावा. ‘रॅम्बलिन ऑन माय माइंड’मध्ये क्लॅप्टन गातो, संपूर्ण गाण्याचा भार स्वतःच्या गळ्यावर घेऊन त्याने केलेले हे पहिले ध्वनिमुद्रण. त्याला गायचे नव्हते आणि ती नाखुशी आवाजात ऐकूही येते, तरीही, की त्यामुळेच, मला ते नंतरच्या त्याच्या अनेक सफाईदार गाण्यांपेक्षा अधिक आवडते.

मूळ गाणी केव्हा ऐकावीत

जाणकार मंडळी सांगतात की आधी मूळ अमेरिकी ध्वनिमुद्रणे ऐकावीत आणि मग ब्रिटिशांकडे यावे. माझा सल्ला उलटा आहे. आधी मूळ ऐकले, तर मन सतत तुलना करत बसते आणि मेयॉलचा अल्बम परीक्षा देणाऱ्या विद्यार्थ्यासारखा वाटू लागतो. अल्बम आवर्तनांसकट कानात बसल्यावर मूळ गाण्यांकडे गेले म्हणजे या मंडळींनी काय उचलले, काय सोडले आणि काय त्यांना साधलेच नाही, हे आपोआप दिसते.

ओटिस रशचे १९५८ चे ‘ऑल युवर लव्ह’ शिकागोच्या छोट्या कोब्रा कंपनीने काढले होते. त्यात गिटारपेक्षा रशचा आवाज अधिक घाव घालतो, आणि येथे मेयॉल कमी पडतो हे मोकळेपणाने म्हणावे लागते. फ्रेडी किंगचे ‘हाइडअवे’ १९६० मध्ये ध्वनिमुद्रित झाले. शिकागोतल्या एका मद्यालयाचे नाव त्याला मिळाले आहे. किंगची गिटार स्वच्छ, उड्या मारणारी आणि नाचासाठी वाजवलेली आहे. क्लॅप्टनने तीच रचना घेऊन तिला दात आणि नखे दिली. त्याने लेस पॉल घेतली तीही फ्रेडी किंगच्या एका तबकडीच्या वेष्टनावरचे छायाचित्र पाहून. ‘स्टेपिन आउट’ मूळ मेम्फिस स्लिम या पियानोवादकाचे, ‘इट एंट राइट’ हार्मोनिकाचा उस्ताद लिटल वॉल्टर याचे. रॉबर्ट जॉन्सनने ‘रॅम्बलिन ऑन माय माइंड’ नोव्हेंबर १९३६ मध्ये टेक्ससमधल्या सॅन अँटोनिओ येथे एकट्याने गाऊन-वाजवून ठेवले होते. त्याची एक गिटार जे करते, ते करायला येथे गिटार आणि पियानो अशी दोन वाद्ये लागली आहेत.

ही गाणी लंडनमध्ये पोहोचली कशी, हेही मेयॉलमुळेच समजते. तो तबकड्यांचा मोठा संग्राहक होता, क्लॅप्टन काही काळ त्याच्याच घरात एका लहानशा खोलीत राहत होता, आणि त्या संग्रहातल्या तबकड्या तासन्‌तास ऐकणे हा त्याचा तिथला उद्योग होता. गुरूच्या घरी राहून शिकण्याची आपल्याकडची पद्धत तिथे नव्हती, पण घडले ते त्याच्या बरेच जवळचे.

यानंतर काय ऐकावे

अल्बम बाजारात येईपर्यंत क्लॅप्टन बँड सोडून गेला होता, म्हणजे लोक तबकडी विकत घेत होते तेव्हा तिच्यावरचा बँड शिल्लक नव्हता. मेयॉलने त्याच्या जागी गिटारवादक पीटर ग्रीनला आणले आणि फेब्रुवारी १९६७ मध्ये ‘अ हार्ड रोड’ काढला. ग्रीनही गेल्यावर मिक टेलर आला आणि त्याच वर्षी ‘क्रुसेड’ निघाला. टेलर १९६९ मध्ये रोलिंग स्टोन्समध्ये गेला. असे वादक घडवायचे आणि गमवायचे हे मेयॉलचे आयुष्यभर चालले. २२ जुलै २०२४ रोजी, या अल्बमच्या प्रकाशनाला बरोबर ५८ वर्षे होत असताना, ९० व्या वर्षी त्याचे निधन झाले.

हे तीनही अल्बम ओळीने ऐकायचे झाल्यास मात्र बदलत्या गिटारवादकांची तुलना करत बसू नये. तो खेळ सगळेच खेळतात. दुसऱ्या बैठकीत बेसचा माग काढायची सवय लागलेलीच आहे, तीच पुढे चालवावी, कारण तिन्ही ठिकाणी बेस जॉन मॅकव्हीचाच आहे. ग्रीनने १९६७ मध्ये स्वतःचा बँड काढताना ड्रमवादक मिक फ्लीटवुड आणि मॅकव्ही यांच्या आडनावांवरून त्याला ‘फ्लीटवुड मॅक’ असे नाव दिले, पण मेयॉलकडची बांधलेली मिळकत सोडायला तयार नसलेला मॅकव्ही त्या बँडमध्ये तेव्हा आलाही नव्हता.